दोन सह्यांचा फळा

मित्रांनो, तालमीच्या भिंतीवर टांगलेला, मधोमध चिरलेला जुना फळा दिसतो ना, तो मी. कोल्हापुरात तालमीबाहेर फळा असतोच. कुस्तीचं मैदान असो की कुणाचं मरण, सगळं आधी माझ्या अंगावर.

१९९३ साली एका खोट्या बातमीवरून वरची गल्ली आणि बौद्धवाडा एकमेकांच्या अंगावर धावून गेले. तेव्हा तालमीचे वस्ताद बाळासो आणि वाड्यातले धम्मपाल गुरुजी यांनी नियम केला. ऐकीव काही लिहायचं नाही. दोन्हीकडचा एकेक माणूस जाऊन डोळ्यांनी बघणार, दोघे सही करणार, मगच बातमी. दर रविवारी दोन्हीकडच्या पोरांना एकत्र बसवून ते हेच शिकवायचे. एकदा 'झेंडा फाडला' म्हणून गर्दी जमली. दोघे सायकलवरून जाऊन आले. झेंडा वाऱ्याने फाटला होता. मी तसं सांगितलं आणि माणसं घरी गेली. त्या दिवशी माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू!

पुढे गुरुजींची आजऱ्याला बदली झाली. त्यांच्या जागी वाड्यातल्या मीनाबाईंचा मुलगा संघर्ष सही करू लागला. पण रविवारची बैठक मोडली. माझ्यावर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे कागद चिकटले. जीपमधून परकी माणसं येऊन तालमीतल्या पोरांना विखारी पत्रकं वाटू लागली. वस्ताद म्हणायचे, "पोरं हायत, चालायचंच."

२००५ च्या एका दुपारी कुणीतरी माझ्यावर लिहिलं, 'बौद्धवाड्यातल्या पोरांनी वरच्या गल्लीतल्या शिवानीला पळवलं.' खाली एकही सही नाही. संघर्ष धावत वस्तादांच्या दारात गेला.

"चला काका, तिच्या घरी जाऊन बघूया."

"जेवून येतो की. तू हो म्होरं."

संघर्ष एकटाच माझ्यापाशी परत आला आणि बाहीने ती अक्षरं पुसू लागला. तेवढ्यात तालमीतलीच पोरं दगड घेऊन आली. पहिला दगड मला लागला, ही चीर त्याचीच. दुसरा त्याच्या डोक्यात बसला. तो पुन्हा उठला नाही.

संध्याकाळच्या एसटीने शिवानी मुरगूडहून परतली. मावशीकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाळासोंनी 'शिवानी मावशीकडे गेली होती' एवढंच माझ्यावर लिहिलं, सही केली आणि खडू मीनाबाईंपुढे धरला.

"वैनी, त्यो बोलवाय आलता. मी जेवाय बसलोतो."

मीनाबाईंनी खडू घेतला नाही. "जेवलासा न्हवं पोटभर?" एवढंच विचारून त्या निघून गेल्या.

मित्रांनो, दुसऱ्या सहीची जागा अजून मोकळी आहे. असं काही कानावर आलं, तर भरल्या ताटावरून उठा आणि आधी जाऊन बघा.