पिवळ्या पट्ट्यावरचा पहिला नंबर

मी मुळातच संशयी माणूस. दुधात पाणी नसलं तरी मला दिसतं.

सत्त्याण्णव साली लक्ष्मीपुरीत आमच्या चार दुकानांसमोर पोलिसांनी रस्त्यावर पिवळा पट्टा मारला. सकाळी सात ते दहा तिथंच माल उतरायचा, एका वेळी एकच गाडी. दहानंतर गाडी दिसली की उचलून नेणार. आधी कुणाची गाडी लावायची यावरून रोज भांडणं जुंपायला लागली, तेव्हा आम्ही व्यापाऱ्यांनी ते काम हमालांचा मुकादम ज्ञानू याच्यावर सोपवलं. पोती ओढायचा त्याचा लोखंडी हूक ज्याच्या दाराच्या खिळ्याला अडकवलेला असेल, त्याचा नंबर.

माझं पेंडीचं दुकान. कोडोलीकडचे गवळी सकाळी पेंड न्यायला येतात आणि नऊच्या आत परततात. पण महिनाभर माझा नंबर नऊच्या आत लागेना. गिऱ्हाईक बघता बघता शेजारच्या हंबीररावाच्या पेंडीच्या दुकानाकडे वळलं. हंबीररावानं ज्ञानूला चहापाणी सुरू केलंय, याबद्दल मला शंका उरली नाही. एकदा ज्ञानू आमच्या माळ्याच्या जिन्यावरून उतरताना दिसला. वर आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, नऊपर्यंत पूजेत असतात. याचं काय काम, म्हणून विचारलं, तर खाली बघत म्हणाला, पाणी प्यायला गेलतो. रस्त्यावर नळ असताना!

मग मी पाळत ठेवली. एका सकाळी शटरच्या फटीतून बघितलं. ज्ञानूनं हूक माझ्या खिळ्याला अडकवला, वर माळ्याकडं बघितलं, हूक परत काढला आणि हंबीररावाच्या दाराला लावला. मला हवा होता तो पुरावा मिळाला.

व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी सगळं मांडलं. का केलंस, असं सगळ्यांनी विचारलं. ज्ञानूनं एकदा माझ्याकडं बघितलं.

"चुकलं माझं," म्हणाला आणि हूक टेबलावर ठेवून गेला. वीस वर्षांची मुकादमकी त्या दिवशी संपली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सातला हूक माझ्या दारावर होता. पट्ट्यावर पहिली गाडी माझी. हमाल माळ्याखालच्या भिंतीला धाडधाड पोती टाकायला लागले. ज्ञानूही आता साधा हमाल म्हणून त्यांच्यात होता. तो एकटाच पोतं हळू, टेकवून ठेवत होता. मुद्दाम वेळ काढतोय, असं मला वाटलं. मी ओरडलो, "हात उचल की जरा."

त्यानं एकदा वर बघितलं. मग त्यानंही पोतं टाकलं. माळ्याच्या फळ्या हादरल्या.

थोड्या वेळानं अप्पा जिन्यात आले. कपाळावर विभूती, पूजा अर्धवट. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून त्यांची पूजा चालते. आम्हा लिंगायतांत ते हातातून पडणं म्हणजे जीव जाण्यासारखं. अप्पांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"पडलं," ते म्हणाले. "ह्या हातात आता जोर न्हाय, शिवशरण. खाली पोतं आदळलं की निसटतंय. गेल्या महिन्यात पडताना ज्ञानूनं बघितलं. मीच त्याला शपथ घातली, कुणाला सांगू नको, तुला तर न्हायच. नऊपर्यंत आमच्या दारात गाडी लावू नको म्हणालो."

मी दाराकडं गेलो. खिळ्यावरचा हूक काढला आणि ज्ञानूपुढं धरला.

त्यानं हुकाकडं बघितलंही नाही. अंगावरची पेंड झटकली, अप्पांच्या कोपराखाली हात घातला आणि एकेक पायरी त्यांना वर घेऊन गेला. खाली हमाल मला विचारत होते, पुढचं पोतं टाकायचं का?