फुकटचं ताक

मी रवी बोलतेय, चौलच्या बाबाजींच्या घरातली. फणसाच्या लाकडाची, चाळीस वर्षं त्याच खांबाला बांधलेली. घुसळणं माझं काम, बोलणं नाही. पण माणसांनी पोटाशी मांडलेला खेळ पाहून लाकडालाही तोंड फुटतं.

आमच्या वाडीत ताक विकत नाहीत. विकलं तर म्हैस आटते, असं मानतात. हवं त्यानं लोटा घेऊन यावं, भरून न्यावं. घोटाळा इथेच झाला. फुकट मिळेल त्याला माणूस किंमत देत नाही.

बाबाजींची सून सुचिता. डॉक्टरांनी साखरेची गोळी लावली तशी घाबरली. सहा महिने बेतानं जेवली, रोज रेवदंड्यापर्यंत चालली आणि चौदा किलो उतरली. गोळी बंद झाली. वजन वाढलं तर पुन्हा सुरू, असंही डॉक्टरांनी बजावलं. तिचं मला कौतुक होतं. हो, होतं.

उतरलेलं वजन राखायला तिनं मोबाइलवरच्या कोणा बाईचं ऐकलं. घरचं दूध, दही, ताक सगळं बंद. नवरा हर्षद न्हावा शेव्याला कामाला. शनिवारी येताना तो अलिबागहून गुलाबी दह्याचे डबे आणायचा. डब्यावर बारीक कमरेची बाई. तिनं ते दही कधी चाखलं असेल, असं वाटत नाही. सुचिता मात्र दिवसाला तीन डबे संपवायची.

शेजारची ठमी ताकाला आली की म्हणायची, "बाय, म्हस दारात न् दही फ्रिजात."

दोन महिन्यांत चार किलो परत आले. सुचिता काट्यावर चढायची, उतरायची, बांगड्या काढून पुन्हा चढायची. जणू चार किलो बांगड्यांचेच होते. मग तिनं रात्रीचं जेवण सोडलं. डबे नाही सोडले.

बाबाजी कमी बोलतात. एका सकाळी घुसळता घुसळता थांबले आणि रिकामा डबा तिच्यापुढे धरला.

"पोरी, मला वाचता येत न्हाय. ह्यावर काय लिवलंय?"

ती वाचू लागली. साखरेपाशी अडखळली.

"किती चमचे व्हतात?"

"तीन. चारच म्हणा."

"एका डब्यात?"

तिनं मान डोलावली. पंधरावी शिकलेली बाई. तिला हे एका अडाणी म्हाताऱ्यानं विचारावं लागलं.

डबा खाली ठेवत म्हणाली, "बाबा, गोळी परत लागली तर?"

"लागली तर घ्यायची. पन भुकेला फसवू नको. भाकर खा, ताक पी."

त्यांनी लोणी काढून घेतलं आणि ताकात मीठ घालून पेला तिच्या हातात दिला.

ताकानं वजन उतरतं, असं मी म्हणत नाही. असल्या बढाया डब्यांनी माराव्यात. ती दोन्ही वेळा जेवू लागली, पुन्हा चालू लागली, एवढंच झालं. आलेल्या चारांतले दोन किलो गेले, दोन मुक्कामाला राहिले. तीन महिने काटा तिथेच आहे आणि गोळी अजून बंद आहे.

बाबाजींचा खांदा आता धरतो. दोरी सुचिताच ओढते, जरा वेडीवाकडी. माझं मागणं थोडंच आहे: काम झालं की मला धुऊन वाऱ्यावर टांगा, ओली ठेवू नका. मग अजून दहा वर्षं घुसळेन. तोवर तुमच्यातलं कोण काय खायचं सोडून बसेल, ते पाहायची मात्र मला हौस नाही.