हात धुतले, जागा विसरलो

भोंगेमास्तरांचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नसे. तीस वर्षं त्यांनी गाड्यांना अलार्म बसवले होते, तेव्हा दुसरं काय नाव पडणार? दुकान म्हणजे राहत्या इमारतीच्या तळाशी एक शटर, आत खिळ्यांवर टांगलेल्या रंगीत वायरींच्या गुंडाळ्या, आणि टेबलावर लहानमोठे भोंगे, सगळे तोंड वर करून बसलेले.

पण मास्तरांचं नाव झालं होतं ते चोरबटणामुळे. अलार्मबरोबर ते गाडीत कुठेतरी एक बारीक बटण लपवून द्यायचे. ते दाबल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. कुठे लपवलंय ते फक्त मालकाला दाखवायचं, तेही शटर अर्धं खाली ओढून. मग मास्तर कोपऱ्यातल्या बेसिनवर जायचे, कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे आणि पंचाला पुसत म्हणायचे, “हात धुतले, जागा विसरलो.”

आणि विसरायचेच हो! सोंग नाही. कुणाच्या बायकोचा फोन यायचा, “मास्तर, ह्यांनी बटण कुठे बसवून घेतलंय?” मास्तरांचं ठरलेलं उत्तर, “मला काय ठाऊक बाई? मी फोनवर सांगत नाही, आणि आता आठवतही नाही. गाडी घेऊन या, शोधून देतो.” लोकांचा विश्वास होता तो याच्यावर. मास्तरांची बायको मात्र म्हणायची, “लग्नाची तारीख कुठल्या साबणाने धुतलीत तेवढं सांगा.”

त्यांना एकच लेक. परीक्षा देऊन ती वजनमापं तपासायच्या खात्यात लागली. दुकानं, गोदामं, धान्याचे काटे, सगळीकडे जायचं, सोबतची प्रमाणित वजनं काट्यावर ठेवायची आणि काटा खोटं बोलत असेल तर त्याचा कान धरायचा. नेमणूक मिळाली चार तासांवरच्या गावी. सोमवारी सकाळी निघायचं होतं. त्यासाठी तिने गाडी घेतली, करड्या रंगाची, कोरी करकरीत, स्वतःच्या पैशांनी.

मास्तरांनी दोन वर्षांपासून दुकानातला सगळ्यात चांगला भोंगा एका खोक्यात बाजूला काढून ठेवला होता. खोक्यावर लिहिलं होतं, ‘विकायचा नाही’. लेकीची पहिली गाडी येईल तेव्हा तो बसवायचा, तिच्या चोरबटणाला अशी जागा शोधायची की चोराच्या बापाला सापडणार नाही. शनिवारी गाडी दारात आली आणि मास्तर खोकं काखेत मारून, पक्कड हातात घेऊन खाली उतरले.

“बाबा, थांबा,” लेक म्हणाली. “गाडीत कंपनीचा अलार्म आहे.”

“असेल. तो काढून टाकू.”

“काढायचा नाही. एक जरी वायर कापली तरी वॉरंटी गेली, असं शोरूमवाला म्हणाला.”

“शोरूमवाल्याने जन्मात वायर कापलीये का? टाय लावून वायर कापता येत नाही, गळ्याशी येते.” मास्तर तापले. “तायडे, ऐक. कंपनीचा अलार्म म्हणजे लाख गाड्यांना एकच. चोराला एक कळला की लाख कळले. माझा प्रत्येक वेगळा.”

“आणि तुमचा मांजर शिंकलं तरी वाजतो!”

हे काही खोटं नव्हतं. मास्तरांनी खोकं या काखेतून त्या काखेत घेतलं. लेकीलाही वाईट वाटलं, पण तिने माघार घेतली नाही. हट्टी होती, बापासारखीच.

“हे बघा,” ती जरा मऊ आवाजात म्हणाली, “माझ्या गाडीत सरकारी वजनांची पेटी असणार. ती गेली की चौकशी लागेल आणि नोकरी टांगणीला. जो अलार्म खरा कामाचा, तोच मी ठेवणार. तुमचा म्हणून नाही आणि कंपनीचा म्हणूनही नाही.”

त्या दिवशी जेवताना मास्तर गप्प होते. ही गोष्ट इतकी दुर्मिळ, की बायकोने दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“ताप नाही मला,” मास्तर म्हणाले. “तीस वर्षं जगाच्या गाड्या राखल्या. आणि पोटच्या पोरीच्या गाडीत माझ्या हातचा एक स्क्रू नाही. ती तिकडे एकटी जाणार. मग मी बाप कशाला झालो?”

“तिच्या चेहऱ्यावर नाक तुमचंच आहे. तेवढं तरी शोरूममधून आलेलं नाही,” बायको म्हणाली. पण तिने त्यांच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला आणि मग म्हणाली, “उगाच भांडू नका. उद्या रविवार आहे. चोरी करून बघा दोघं.”

कल्पना अशी होती. मास्तरांच्या जुन्या गाडीत मास्तरांचा अलार्म, लेकीच्या गाडीत कंपनीचा. दोन्ही डिक्यांमध्ये एकेक पेटी ठेवायची. लेकीने बापाच्या गाडीतली चोरायची, बापाने लेकीच्या गाडीतली. ज्याचा अलार्म चोर पकडून देईल तो जिंकला. खरी वजनं लेकीने घरातच पलंगाखाली ठेवली. चोरीसाठी नटबोल्टांनी भरलेल्या दोन पेट्या घेतल्या.

रविवारी अकरा वाजता लेक तोंडाला रुमाल बांधून, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून जुन्या गाडीपाशी गेली. मास्तर दुकानाच्या शटरआड लपले. मनात म्हणाले, आता बघ गंमत, आता सगळी गल्ली गोळा होते की नाही.

लेकीने डिकीला नुसता हात लावला आणि भोंगा असा बोंबलला की तारेवरची कबुतरं उडाली. फक्त कबुतरंच. दुसऱ्या मजल्यावर एक आजी कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी पुढचा टॉवेल झटकला. किराणावाल्याने पुडी बांधता बांधता मान वर केली नाही. समोरच्या सलूनवाल्याने मात्र एका गिऱ्हाइकाच्या गालावर अर्धा फेस ठेवून बाहेर डोकावलं.

“ताई, ती डिकी तशी नाही उघडायची,” तो भोंग्याच्या वरताण ओरडला. “डाव्या कोपऱ्यावर बुक्की घाला!”

लेकीने बुक्की घातली. डिकी उघडली. तिने पेटी उचलायला घेतली तर ती जडच.

“थांबा, थांबा, मी धरतो,” म्हणत सलूनवाला वस्तरा खिशात ठेवून धावला. दोघांनी मिळून पेटी गल्लीच्या टोकापर्यंत नेली. वर त्याने विचारलं, “रिक्षा बोलावू का?”

भोंगा वाजत होता. शटरआड मास्तरांचे कान लाल झाले होते. त्यांनी बाहेर येऊन सलूनवाल्याला गाठलं. “अरे भल्या माणसा, अलार्म वाजतोय, तोंड बांधलेली बाई पेटी नेतेय, आणि तू हमाली करतोस?”

“मास्तर, रागावू नका,” तो म्हणाला, “पण तुमचा भोंगा रोज वाजतो. चेंडू लागला, वाजला. ट्रक गेला, वाजला. आम्हाला वाटतं तुमच्याकडे कुणी आलं असेल.”

आता मास्तरांची पाळी. कंपनीचाही माज उतरवायचाच, या जिद्दीने ते लोखंडी पट्टी घेऊन गेले. लेक वर तिसऱ्या मजल्यावर चहा पीत बसली होती. मिनिटाभरात दार उघडलं आणि कंपनीचा अलार्म वाजला, बारीक आवाजात, सुशिक्षित माणसाने खाकरावं तसा. सलूनवाल्याने फेस लावता लावता हात हलवला, “काय मास्तर, रविवारीपण काम?” मास्तरांनी गाडी सुरू करून पाहिली. ढिम्म हलली नाही. तेव्हा मागची सीट पाडून डिकीतली पेटी ओढली, खांद्यावर घेतली आणि निघाले.

वर लेकीच्या फोनने केव्हाच सूचना दिली होती, ‘डावं दार उघडलं’. ती चपला न घालता तीन जिने उतरून खाली आली. गाडी जागच्या जागी होती. पेटी नव्हती. बाप गल्लीच्या वळणावर एका पायरीवर पेटी मांडीत घेऊन धापा टाकत बसला होता.

“तुझा अलार्म हरला,” मास्तर म्हणाले.

“तुमचाही,” लेक म्हणाली आणि शेजारी बसली.

दोघांनाही जिंकल्यासारखं वाटेना. खिडकीतून मटार सोलत सगळा तमाशा बघणारी आई तिथूनच ओरडली, आणि तिच्या आवाजाला मात्र सबंध गल्लीने माना वर केल्या. “अहो शहाण्यांनो! गाडी कुठे जातेय? तुम्ही दोघं गाडी राखताय, आणि पोरीची नोकरी आहे पेटीत!”

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण आधी मनात जे सलत होतं ते त्यांनी सरळ सांगून टाकलं. “तायडे, चूक माझी आहे. गिऱ्हाइकाला भोंगा चटकन वाजलेला आवडायचा. म्हणून धक्का ओळखायचा स्क्रू मी प्रत्येक गाडीत पार शेवटपर्यंत पिळला. तीस वर्षं मीच या गल्लीला बहिरं केलं.”

“आणि मी कंपनीच्या फोनवर विसंबले,” लेक म्हणाली. “फोनने मला कळवलं हो, पण मी पोचेपर्यंत पेटी गेली. तुमच्यासारखा धापा टाकणारा चोर मिळणार आहे का मला नेहमी?”

“धापा टाकत होतो तो वजनाने,” मास्तर म्हणाले. “वयाने नाही. चल, डिकी उघड.”

डिकीच्या तळाला कंपनीनेच दिलेल्या सामान बांधायच्या चार कड्या होत्या, जाड बोल्टांनी आवळलेल्या. मास्तरांनी टेप लावली, कानामागची पेन्सिल काढली आणि जुन्या पत्र्याच्या मागे आकडे लिहिले. मग दुकानात करवत, कानस आणि ड्रिलचा असा काही आवाज सुरू झाला की दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी खिडकी लावून घेतली. संध्याकाळच्या आत लोखंडी पट्ट्यांचं एक मखर तयार झालं. कंपनीचेच बोल्ट, कंपनीचीच भोकं. एक वायर कापली नाही, एक छिद्र नवीन पाडलं नाही. पेटी आत ठेवली की खट्कन बसायची, आणि मग चौघांनी ओढली तरी हलायची नाही. सोडवायला एकच खटका होता. आणि तो खटका कुठे आहे, हे डिकीत डोकं घालून बसलात तरी दिसणार नाही.

“अलार्म कुठला ठेवू?” लेकीने मुद्दाम विचारलं.

मास्तरांनी ‘विकायचा नाही’वालं खोकं फळीवर परत ठेवलं. “कंपनीचा असू दे. गाडी हलू देत नाही, तुला कळवतो. कबूल करायला लाज कसली, चांगला आहे.” मग खोकं फळीवर सरळ करत म्हणाले, “आवाज मात्र अगदीच सभ्य आहे.”

शटर अर्धं खाली आलं. बायकोलाही बाहेर काढण्यात आलं. तिने “मला काय करायच्यात तुमच्या जागा” म्हणत शटरखालून एकदा वाकून पाहिलंच. मास्तरांनी लेकीचा हात धरून तिचं बोट खटक्यावर नेलं. तिने तीनदा पेटी बसवली, तीनदा सोडवली. मग मास्तर बेसिनवर गेले, कोपरापर्यंत साबण लावला, पंचाला हात पुसले.

“हात धुतले, जागा विसरलो,” ते म्हणाले.

सोमवारी सकाळी गाडी गेली. मास्तरांनी दिवसभर एकाही गाडीचं काम धड केलं नाही. दुपारी फोन वाजला.

“बाबा! मी गोदामात उभी आहे. काट्यासमोर दहा माणसं थांबलीयत, पहिलीच तपासणी, आणि खटका सापडत नाहीये. पटकन सांगा ना कुठे आहे?”

पहिला दिवस. दहा माणसं. ओठांवर जागा आली होती. पण तीस वर्षांत कुठल्याही मालकाला, कुठल्याही मालकिणीला फोनवर सांगितलं नव्हतं. आणि तिथे आजूबाजूला कोण ऐकत उभं आहे, काय माहीत? त्यांनी डोळे मिटले.

“मी विसरलो, तायडे. फोनवर सांगत नाही. गाडी घेऊन ये.”

पलीकडून हसण्याचा असा आवाज आला की मास्तरांनी फोन कानापासून लांब धरला. “पास झालात! पेटी केव्हाच निघाली. काटाही तपासून झाला, सव्वाशे ग्रॅमने खोटा होता. बघत होते, लेकीसाठी नियम मोडता का.”

“नालायक कार्टी,” मास्तर म्हणाले. डोळे पुसायला त्यांना पंचा सापडेना.

“पण गाडी घेऊन ये म्हणालात ना? येते मग शनिवारी.”

फोन ठेवला. बायको चहाचा कप घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“काय हो, खरंच विसरलात?”

मास्तरांनी हातातला भोंगा उगाच उलटासुलटा केला.

“काल हात धुतलेत ना?”

“धुतले. मग आज सकाळी ती गेल्यावर परत एकदा धुतले.” मास्तर म्हणाले, “हिची जागा काही जात नाही गं.”