चिमणाबाईची चिंचगोळी

चिमणाबाई नावाची बाई या भूतलावर कधी नव्हतीच. संयोगितानं राजारामपुरीतल्या जाहिरातीच्या ऑफिसात, दोन कप चहा रिचवून, अर्ध्या तासात तिला जन्माला घातलं होतं. गोळ्यांचे कारखानदार उदयसिंह यांना पाकिटावर एक म्हातारी हवी होती. "लोकास्नी लहानपण पायजे मॅडम," ते म्हणाले होते, "चव काय, कुठलीबी चालती."

चव मात्र संयोगितानं खरी दिली, तिथंच तिची अक्कल शेण खायला गेली. तिची आई शालूबाई, ती आठ वर्षांची असताना वारली. चिंच, गूळ, जिरं खलबत्त्यात कुटून आई गोळ्या वळायची, जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळायची आणि बजावायची, "जिभंखाली ठेव, चावू नगंस." आईचं म्हणून तिच्यापाशी एवढंच उरलं होतं. ते सगळं उचलून तिनं चिमणाबाईच्या पदरात टाकलं.

गोळी तुफान खपली. जाहिरातीखाली लोक आठवणी लिहू लागले. चिमणाबाई आमच्या शाळेच्या फाटकाशी बसायची, डावा डोळा अधू होता तिचा. संयोगिता हसली, डोळ्याचं तर तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. मग कबनूरच्या एका कामगारानं, कुरुंदवाडच्या एका मास्तरीणबाईंनी, एकमेकांना न ओळखणाऱ्या कितीतरी जणांनी तोच डावा डोळा लिहिला, आणि तिचं हसू आटलं.

अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची ही तिथी. दरवर्षीप्रमाणे संयोगितानं आईसाठी गच्चीत नैवेद्याचं पान ठेवलं, वर एक चिंचगोळी.

"आई, घे गं," तिनं तीनदा हाक मारली. कठड्यावर चार कावळे होते. माना वाकड्या करून नुसते बघत बसले.

तिचे वडील आकारामआबा जिना चढून आले. "गोळी चिमणाबाईची न्हवं? मग नाव तिचं घ्याय पायजे की."

"आबा, काय बोलताय? आईच्या गोळ्या त्या!"

"तुझ्या आयनं कवा केल्यात गोळ्या? शाळंच्या फाटकावर मीच घेऊन द्यायचो तुला. डावा डोळा अधू हुता बिचारीचा." आबांनी हात जोडले. "चिमणाबाई, गोड मानून घे."

चारही कावळे एकदम पानावर उतरले. गोळी पहिली गेली.

आईला आता नावानं हाक मारायची, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, असं ठरवून संयोगितानं तोंड उघडलं. जिभेखाली चिंचेचं पाणी सुटलं, पण नाव काही केल्या येईना.

"आबा," ती रडवेली होऊन म्हणाली, "आईचं नाव काय हो?"

आबांनी तिच्याकडं जरा काळजीनंच पाहिलं.

"आगं, आत्ताच हात जोडून घेतलं की मी."