सहा काजांचा कोट

मी एक जुना लोकरी कोट आहे. ‘जुना’ हे माझे मत. ज्यांनी मला दान केले त्यांनी यादीत ‘उत्तम स्थितीतील’ असे लिहिले होते, आणि यादी करणारेही तेच असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे दर रविवारी तुम्हा मुलांची शब्बाथशाळा भरते, तिथे दाराजवळच्या खुंटीवर मी असतो. तुम्ही माझ्यावर दप्तरे अडकवता, खिशात गोळ्यांचे कागद कोंबता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आज मला दुसरेच सांगायचे आहे, आणि ते सांगताना माझी मान खाली आहे. तशी ती खुंटीमुळेही असते, पण आज खुंटीला दोष देत नाही.

मित्रांनो, माझा जन्म एका म्हाताऱ्या शिंप्याच्या टेबलावर झाला. तो फारसे बोलत नसे, कारण तोंडात कायम टाचण्या. मला शेवटचा टाका घातल्यावर त्याने टाचण्या काढल्या आणि माझ्या मालकांना म्हणाला, “कापड ऊब देतं साहेब, पण ती धरून ठेवतात ती बटणं. बटणं जपा.” त्याने मला सहा बटणे लावली होती, तपकिरी शिंगाची, चांगली अंगठ्याएवढी. त्याचे बोलणे मी एका बाहीतून ऐकले आणि दुसऱ्या बाहीतून सोडून दिले.

माझे मालक चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी होते. दर रविवारी उपासना संपत आली की ते पुढे उभे राहून सूचना वाचत. सूचना त्यांच्या, रुबाब माझा. नऊ हिवाळे आम्ही दोघांनी असे काढले. मग माझी कॉलर विरली, त्याच शिंप्याकडून नवा कोट आला आणि माझी रवानगी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात झाली.

एका रविवारी पाळकांनी उपदेशात अडचणीचा विषय काढला. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एकही नसलेल्याला एक द्यावा, असा. घरी आल्यावर बाई, म्हणजे मालकांची बायको, त्यांना चिडवत होत्या.

“तुमच्याकडे चार आहेत. पाळक दोनवाल्यांना बोलत होते, असं वाटलं का तुम्हाला?”

“दानाची यादी मलाच करायचीय,” मालक म्हणाले. “पहिलं नाव माझंच घालतो. म्हणजे लोकांना हुरूप येईल.”

त्यांनी मला बाहेर काढले, उजेडात धरले आणि माझ्या बटणांकडे बघत जरा वेळ उभे राहिले. मग कात्री आणली.

“अहो, हे काय?”

“शिंगाची आहेत. आता मिळत नाहीत अशी.”

“देताय तर बटणांसकट द्या.”

“मी कोट देतो म्हटलंय. बटणांचं कुठे बोललोय?”

खट, खट, सहा वेळा. बटणे बिस्किटांच्या डब्यात गेली. बाईंनी डब्याचे झाकण गरजेपेक्षा जोरात लावले.

आता माझ्या लाजेची गोष्ट. तुम्हाला वाटेल, बिचारा कोट, त्याचा काय दोष? पण खरे सांगतो, त्या क्षणी मला बटणांचे काहीच वाटले नाही. माझे नाव यादीत पहिले येणार, एवढेच माझ्या डोक्यात होते. मालकांनी मला उघडी बाजू आत जाईल अशी घडी घातली. रविवारी ती घडी उलगडू नये म्हणून मी श्वास रोखून चर्चमधल्या टेबलावर पडून राहिलो. “एक लोकरी कोट, उत्तम स्थितीतील,” त्यांनी वाचले. लोकांनी माना डोलावल्या. कौतुक झाले. मी ते घेतले.

मी ज्यांना मिळालो ते चर्चची घंटा वाजवणारे आणि झाडलोट करणारे. घंटेचा दोर ओढतात म्हणून सगळे त्यांना दोरकाका म्हणत. त्यांची छाती नाजूक होती. छाती झाकून ठेवा, नाहीतर या थंडीत निभणार नाही, असे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते. त्यांनी मला अंगात चढवले, हात सवयीने छातीशी गेले आणि काजांवर येऊन थांबले. त्यांनी काजे मोजली. शेजारी त्यांची मुलगी उभी होती. ती एका दवाखान्यात चादरी धुण्याचे काम करायची आणि तिची जीभ चादरींसारखीच स्वच्छ होती.

“सहा ताटं मांडलीत,” काका म्हणाले, “पाहुणा मात्र एकही नाही.”

“पाहुणे कोणाच्या घरी जेवतायत ते दिसतंय मला. बटणं कापलीत, बाबा. दोरे बघा, सगळे एका मापाचे.”

“असू दे. ऊब आहे ना?”

मुलगी बटणे लावून देते म्हणून मागे लागली, तर काका म्हणाले, “मला काय करायचीयत?” आणि घंटेचा जुना दोर कमरेला गुंडाळून त्यांनी मला बांधले. चालताना-बसताना तेवढ्यावर भागायचे. पण मित्रांनो, घंटा वाजवायची तर दोन्ही हात वर न्यावे लागतात. हात वर गेले की मी छातीवर उघडा पडायचो, आणि घंटेच्या मनोऱ्यात वाऱ्याला दार लागत नाही. रोज पहाटे चाळीस टोले. चाळीस वेळा मी उघडायचो. ज्या जागेसाठी मला दिले होते नेमकी तीच जागा मला झाकता येत नव्हती.

दर रविवारी काका सर्वांसमोर प्रार्थना करत, “देवा, ज्यानं मला कोट दिला त्याला काही कमी पडू देऊ नकोस.” त्या वेळी मालक आपले बूट न्याहाळत. एकदा उपासनेनंतर ते काकांना बाजूला घेऊन म्हणाले, “काका, तो दोर जरा बरा दिसत नाही. बाहेरून लोक येतात.”

“दोर काढला तर कोट उघडतो, साहेब.”

“मग बटणं लावून घ्या की.”

“हो साहेब,” काका म्हणाले. मी तिथेच होतो, दोघांच्या मध्ये. माझी सहा काजे सहा तोंडांसारखी उघडी होती आणि एकातूनही शब्द फुटला नाही.

पुढच्या पंधरवड्यात एका रविवारी घंटा वाजलीच नाही. अर्धी मंडळी उशिरा आली. उपासना आटोपल्यावर जाब विचारायला मालक काकांच्या खोलीवर गेले. काका खाटेवर होते. छाती भाता चालावा तशी चाललेली. मी खुर्चीवर होतो आणि मुलगी मला शर्टाची पांढरी बटणे लावत होती. काकांचा रविवारचा शर्ट तिच्या मांडीवर, बटणांवाचून.

“या साहेब,” काका म्हणाले. “थंडी संपेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणालेत डॉक्टर. मग कोट खुंटीला कशाला ठेवू? शेजारचा हमाल पहाटे ट्रक उतरवायला जातो, नुसत्या शर्टावर. त्याला देतोय.”

मालकांनी विचारायला नको ते विचारले. “मग बटणं? तुम्ही तर दोरानं बांधायचात.”

“स्वतःला दोर चालतो, साहेब. दुसऱ्याला देताना दोरानं बांधून द्यायचं का?”

काकांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मुलीने मान वर न करता दोरा दाताने तोडला. मालक तसेच निघून गेले.

तासाभराने ते बिस्किटांचा डबा घेऊन परतले. मुलीने डब्यात पाहिले आणि सुई त्यांच्या हातात दिली. “बसा. मी पांढरी काढते, तुम्ही ही लावा.” मंडळीचे सेक्रेटरी खाटेच्या कडेला बसून बटणे लावू लागले. दोनदा सुई बोटात गेली. पाच लागली. डबा रिकामा झाला.

सहावे कुठे होते ते आम्हा सगळ्यांना दिसत होते. मालकांच्या नव्या कोटाचे एक बटण मध्यंतरी तुटले होते, त्या जागी ते बसलेले होते, छातीवर. मालकांनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मुलीने शर्टाचे एक पांढरे बटण माझ्यावर राहू दिले आणि ते निसटू नये म्हणून ते काज दोन टाके घालून लहान केले.

पुढच्या रविवारी मी हमालाच्या अंगावर चर्चमध्ये गेलो. मालक पुढे सूचना वाचत होते. त्यांच्या कोटावर, छातीशी, तुटलेला दोरा लोंबत होता. उपासनेनंतर ते हमालाकडे आले, हात पुढे केला, त्याच्या मुठीत काहीतरी ठेवले आणि गेले. हमालाने मूठ उघडली. शिंगाचे बटण. ते माझ्या लहान केलेल्या काजातून जाईना, म्हणून त्याने ते आतल्या खिशात ठेवून दिले. काही हिवाळ्यांनंतर, ज्याला थंडी वाजेल त्याने घालावे म्हणून, त्यानेच मला या खुंटीवर आणून अडकवले.

दोरकाका वाचले, पण दोर पुन्हा त्यांच्या हातात आला नाही. तुम्ही ऐकता ती घंटा त्यांची मुलगी वाजवते. पहाटे पहिला टोला पडला की मी इथे खुंटीवर अंग चोरून घेतो. यादी वाचली गेली तेव्हा माझी घडी मी जरा जरी उलगडू दिली असती, तर बटणे कापलेली आहेत हे सगळ्यांना दिसले असते.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी कोणाला द्यायला म्हणून कपाट उघडतील, तेव्हा कात्री कुठे आहे तेवढे बघा. माझ्या आतल्या खिशात हात घातलात तर ते बटण लागेल. ते काढू नका. आणि थंडीत तुमच्यापैकी कोणी मला घातलेच, तर आधी ते पांढरे बटण लावा. बाकीची मग आपोआप सरळ लागतात.