लटारूची पडताळणी

चेहरा (आवश्यक)

खुशालने मान डावीकडे वळवली. मग उजवीकडे. मग फोनमधल्या बाईने सांगितलं तसे डोळे मिटले आणि उघडले.

"चेहरा जुळला नाही," फोनमधली बाई म्हणाली. "आपला एक प्रयत्न शिल्लक आहे."

"सकाळपासून तिसऱ्यांदा!" खुशालने गमछ्याने कपाळ पुसलं. "अख्खं गाव म्हनते, बापाचं थोबाड घेऊन आला. या बाईलेच दिसून नाई राह्यलं."

"तू हसून राह्यला होता, भाऊ," शेजारची दिव्यानी म्हणाली.

"बापही हसेच ना."

"आधार कार्डावर कोनी हसते का?"

कमळाबाई ओसरीच्या कडेला जाळं शिवत बसल्या होत्या. मांडीवर नवऱ्याचं कार्ड. त्यावरचा माणूस खरंच हसत नव्हता. उन्हात कोणीतरी हाक मारल्यावर वळून पाहावं, तसा तो पाहत होता.

"तुह्या नाकात फरक हाये," त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या. "नाक माह्यावर गेलं तुहं."


पूर्ण नाव

*प्रिय विकसक,*
*'आडोसा' हे ॲप कोणी बनवले हे वापरकर्त्यांना कळणे त्यांच्या सुरक्षिततेसाठी गरजेचे आहे. २१ एप्रिल, संध्याकाळी पाचपर्यंत पडताळणी पूर्ण न झाल्यास ॲप सर्व फोनमधून काढून टाकले जाईल. पडताळणीनंतर आपले नाव व पत्ता ॲपच्या पानावर सर्वांना दिसेल.*

हे पत्र आठ दिवसांपूर्वी आलं होतं. कोणी पाठवलं ते कळायला मार्ग नव्हता. खाली सही नव्हती, उलट उत्तर पाठवायला जागा नव्हती.

'आडोसा' दिव्यानीने दोन हिवाळ्यांत, आरमोरीतल्या कॉम्प्युटर क्लासची शिकवणी सांभाळून बनवलं होतं. त्यातून निघालेला निरोप कुलूप लागूनच निघे आणि ज्याच्यासाठी असेल त्याच्याच फोनमध्ये उघडे. पाठवणारीचं नाव दिव्यानीलाही कळत नसे. वैनगंगेच्या काठच्या अकरा गावांतल्या बाया त्यावरून एकमेकींना कळवत: आज चोरीच्या रेतीचे ट्रॅक्टर कोणत्या घाटावर उतरले. रेती गेली की डोह जातो, डोह गेला की मासा जातो. एवढं समजायला कोणाला शिकवणी लागली नव्हती.

त्याआधी गावातल्या सरिताने हेच साध्या ग्रुपवर लिहिलं होतं. चौथ्या दिवशी तिचा डोंगा, मासेमारीची छोटी नाव, घाटावर जळाला. ती आता तेलंगणात मिरची तोडते.

"ॲपच्या दुकानातून काढलं तं काढू दे," खुशाल म्हणाला होता. "तू हातानं टाकून दे सगळ्यांच्या फोनात."

"फोन घेणारच नाई. दुकान त्यायचं, अन् फोनच्या आतलं घरही त्यायचंच. आपन फक्त बाहेरून धरून राहतो."

"मंग टाक ना तुहं नाव."

दिव्यानीने फोन पालथा ठेवला. घरी ती आणि आई, दोघीच. दाराला आतून कडी होती, ती लाकडाची.

तेव्हा कमळाबाईंनी दातांनी दोरा तोडला.

"त्यायचं टाक," त्या म्हणाल्या.

चार वर्षांपूर्वी, भादव्यात, त्यांचे यजमान लटारू भानारकर डोंगा घेऊन गेले. डोंगा खाली दोन कोसांवर खडकात अडकलेला सापडला. माणूस सापडला नाही. माणूस नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. रेशन कार्डावर, मतदार यादीत, आधारमध्ये ते होते तसेच होते. कमळाबाईंचं कुंकूही होतं तसंच होतं, आणि त्याबद्दल गावात कोणी त्यांच्या तोंडावर बोलत नसे.

"खोटं होईन, काकू."

"खोटं कायचं? नाव त्यायचंच. घर त्यायचंच. घरी नसते, एवढंच."


ठिकाण (आपोआप नोंदवले जाईल)

गावात नेटवर्क धड मिळे ते घाटावरच्या मोठ्या धोंड्यापाशी. दुपारचे तीन वाजले होते, मुदत संपायला दोन तास. नदी आटून पलीकडच्या काठाला गेली होती. अलीकडे फक्त डोह उरला होता, हिरवाकाळा, हलत नसलेला.

दिव्यानीने फोन धोंड्याला टेकवून उभा केला, पडदा पाण्याकडे. खुशालने पाण्याच्या कडेला बसायचं, म्हणजे उजेड तोंडावर येईल. पान उघडायला वेळ लागत होता. कमळाबाईंनी घरून लटारूंचा पांढरा शर्ट आणला होता. तो घालायला खुशाल धोंड्यामागे आला. तिघंही फोनच्या पाठीमागे होती.

"चेहरा चौकटीत ठेवा," फोनमधली बाई म्हणाली.

"थांब वो बाई, बटन तं लावू दे," खुशाल म्हणाला.

"थोडे जवळ या."

दिव्यानी पुढे झाली. शेवटचा प्रयत्न होता आणि तो रिकाम्या पाण्यावर वाया चालला होता. तिने हात लांब केला. कमळाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थोडे जवळ या."

पाण्यावर काही नव्हतं. बगळासुद्धा नव्हता.

"छान. मान डावीकडे वळवा."



"उजवीकडे."



"डोळे मिटा."





याला फार वेळ लागला. पलीकडच्या काठावर सागाचं एक वाळकं पान गळालं. त्याचा आवाज अलीकडे आला.

"डोळे उघडा."



"धन्यवाद, लटारू."

पडद्यावर हिरवी खूण आली होती. खुशालचा एक हात शर्टाच्या बाहीत होता, दुसरा बाहेर.

"नेटवर्कनं काहीतरी गडबड केली असंन," तो म्हणाला. त्याने शर्ट काढला, घडी घातली आणि आईच्या हातात दिला. परत जाताना तो दोघींच्या मधून चालला.


आणखी काही सांगायचे आहे?

"फोटो दाखव," कमळाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दिव्यानीच्या दारात उभ्या होत्या.

"माह्यापाशी नाई, काकू. तो त्यायच्यापाशीच राह्यते."

"मांग मंग."

दिव्यानीने मागितला. त्यासाठीही एक अर्ज होता. अर्जदार खातेदारच असल्याचं कबूल करावं लागे. तिने कबूल केलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. कमळाबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं.

*प्रिय लटारू,*
*पडताळणीवेळी टिपलेला चेहरा खातेदाराच्या गोपनीयतेसाठी कोणालाही दाखवला जात नाही. आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे.*

"मंग पाह्यला कोनं?"

"कोनीच नाई. मशीन पाह्यते."

"मशीननं तं पाह्यला ना."

दिव्यानीने ॲपचं पान उघडलं. 'आडोसा' चालू होतं. अकरा गावांत एकाही फोनमधून गेलं नव्हतं. त्याच आठवड्यात बाया वेळेत जमल्याने दोन घाटांवरून ट्रॅक्टर रिकामे परतले होते. ॲपच्या पानावर, सगळ्यात खाली, लहान अक्षरात नाव होतं, घर नंबर होता, गाव होतं. ते रोज किती जणांनी उघडून पाहिलं, याचा आकडाही होता. आधी तो दोन-तीन असे. रविवारी तो चाळीसवर गेला.


पत्ता

सोमवारी मोटरसायकलवरून दोघं आले. गावचे नव्हते. गाडी अंगणातल्या पापडांच्या अगदी जवळ लावली.

खुशाल बाजाराला गेला होता. दिव्यानी ओसरीत चहा पीत होती. कमळाबाई जाळं शिवत होत्या.

"लटारू भानारकर इथीच राह्यते का?" थोराड होता त्याने विचारलं. त्याच्या हातात फोन होता आणि फोनवर ते पान.

"इथीच."

"ॲप बनवते म्हने?"

"त्यायलेच विचारा."

"वय काय त्यायचं?"

"बासष्ट."

दुसरा, पोरसवदा, हसला. "बासष्टचा बुढा ॲप बनवते, भाऊ! आपल्याले साधा रिचार्ज जमत नाई."

थोराड माणूस हसला नाही. त्याने ओसरीत नजर फिरवली. भिंत, खुंटीवरचा पांढरा शर्ट, कमळाबाईंचं कपाळ. मग नजर दिव्यानीवर आली आणि थांबली.

"ही कोन?"

"शेजारची पोरगी. चहा प्याले आली."

दिव्यानीच्या ओठाशी कप होता. माणूस चार वर्षांपूर्वीच वाहून गेला, एवढं सांगितलं असतं तर त्यांनी कमळाबाईंना सोडून दिलं असतं. आणि पुढचा प्रश्न विचारला असता: मग ॲप बनवलं कोणी? तिने कप खाली ठेवला नाही. चहाही प्यायली नाही.

"बोलवा त्यायले," माणूस म्हणाला.

कमळाबाईंनी हनुवटीने नदीची दिशा दाखवली. "घाटावर असंन. डोहापाशी."

"कवा येते घरी?"

"मले सांगून नाई जात."

दोघं पायवाटेने खाली गेले. मोटरसायकल अंगणातच राहिली. तापलेलं इंजिन टिकटिक करत थंड होत होतं.

"काकू, चला आमच्या घरी," दिव्यानी कुजबुजली. "मागच्या दारानं."

कमळाबाईंनी बोट ओठावर ठेवलं.

खालून हाक आली. "लटारूभाऊ! ओ लटारूभाऊ!"

आवाज पोराचा होता, अजून हसरा. चार वर्षांत हे नाव गावात कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. शेजारच्या अंगणातली कांडणी थांबली. मग दुसऱ्या, जाड आवाजाने हाक मारली. पुन्हा एकदा, काठाने थोडं पुढे जाऊन. दर हाकेनंतर नदी ती हाक परत पाठवत होती, थोडी उशिरा, थोडी ओली करून.

"लटारूभा..."

हाक अर्ध्यावर थांबली.

दमून थांबली असती तर आवाज आधी उतरला असता. ही थांबली ती समोरच्याने वळून पाहिल्यावर थांबते तशी. त्यानंतर खालून काहीच आलं नाही. ना बोलणं, ना पावलं.

कमळाबाईंनी जाळं मांडीवरून उतरवलं. उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि दाराच्या चौकटीतून एका बाजूला सरकून उभ्या राहिल्या, आत येणाऱ्याला वाट देतात तशा.