झिंगे पाण्याबाहेर का आले

ईस्टरनंतरच्या शुक्रवारी झऱ्यावर ही गर्दी! त्या पाण्यानं डोळे धुवायचे, अंगावरच्या कपड्याचा दोरा फांदीला बांधायचा, ही आमची पद्धत. पण यंदा सगळे बघत होते झिंगे. काळे, नांगीवाले. एरवी दगडाखालून हलत नाहीत. त्यांना हात लावू नका म्हणून सरकारी पाटीसुद्धा आहे. आज ढिगानं बाहेर येऊन दगडांवर पडलेले.

"मुकी जनावरं दर्शनाला आलीत!" गावठी औषधं विकणारा मिंकोबाबा ओरडला. "आणि तुम्ही पळा सोफिया शहरातल्या डॉक्टरांकडे!"

त्यानं वाडग्यात झऱ्याचं नितळ पाणी घेतलं, बोरूची नळी घालून फुंकलं. पाणी पांढरंफेक.

"मारियामातेचं दूध!"

बायका रडायलाच लागल्या.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी होतं. सुरीला घाबरायची ती. "ल्युबेन, एकदा धुऊन बघू रे."

मला पटत नव्हतं. पण चारचौघांत तिला नाही म्हणवेना. मीच तिचं डोकं धरलं, बाबानं डोळ्यांवर पाणी ओतलं.

"जळतंय रे, ल्युबेन!"

"जळणारच, माउली. पाप जळतंय," बाबा म्हणाला. "धर रे घट्ट."

मी धरलं.

तेवढ्यात शाळेच्या रादोस्तिनाबाई आल्या. झिंगे बघून थेट पाण्यातच उतरल्या. बोटं चोळली. "बुळबुळीत लागतंय." झऱ्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक पोतं ओढून काढलं. चुना. ईस्टरला गावभर झाडांचे बुंधे चुन्यानं रंगवतात, म्हणून बाबाच्या हातगाडीवरची पोती कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती.

"ही चुन्याची निवळी आहे. कुणीही फुंकलं तरी पांढरी होते. ये रे पेंचो, तू फुंक."

"मी? बाई, मी तर कालपासून प्यायलोय."

"मग तर फुंकच."

पेंचोनं फुंकलं. झालं दूध. कुणी हसलं नाही.

"मग झिंगे, बाई?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"भाजत होते ते. जीव वाचवायला बाहेर आले. दर्शन कसलं!"

बरेचसे हलत नव्हते. बाबा तोवर पसार.

मी आईच्या डोळ्यांवर घरून आणलेलं पाणी ओतत राहिलो. उशीर झाला होता. सोफियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळं भाजलीत, आता मोतीबिंदू काढूनही दिसणार नाही.

आई रोज विचारते, "झिंगे आले का रे परत?"

"नाही अजून."

माझं एवढंच म्हणणं आहे. चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी बघा, कुणाला दुखतंय का. झिंगे सांगत होते. आई तर तोंडानं सांगत होती. आणि मी डोकं धरून उभा होतो.